पावसानं हात दिला

मी चौथीत होते, त्या वर्षीची गोष्ट. नागपंचमीला आठवडा राहिला होता आणि मुत्या आले. मुत्या म्हणजे आईचे वडील. बेळगावच्या पूर्वेला, बैलहोंगल तालुक्यात त्यांचं गाव. काळी जमीन, जोंधळा, कापूस आणि पावसाची कायम वाट बघणं. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला. इथं मृग लागला की सरपण ओलं, कौलांवर शेवाळ, आणि गुडघाभर चिखलात रोपलावणी. दोन बस बदलल्या की आईचं माहेर यायचं, पण पाऊस असा वेगळा, की दोन्हीकडचं आभाळ एकच आहे हे मला खरं वाटायचं नाही.

त्यांच्याकडं पंचमी हा लेकींचा सण. सासरी गेलेल्या लेकीला आणायचं, झाडाला झोका बांधायचा, लाडू करायचे. त्यासाठी मुत्या दर वर्षी आम्हाला न्यायला यायचे. त्या वर्षी ते सोप्यावर बसले, खांद्यावरचं कांबळं घडी करून मांडीवर घेतलं आणि आईला म्हणाले, "ई वर्ष मळी कै कोट्टितु, मगळ."

मला कानडी थोडं थोडं कळायचं. मळी म्हणजे पाऊस. कै म्हणजे हात. कोट्टितु म्हणजे दिला. तिन्ही शब्द ओळखीचे निघाल्याच्या आनंदात मी चुलीपाशी धावले. "आज्जी, मुत्याकडं औंदा पावसानं हात दिला!"

आज्जी हरखली. "पांडुरंग पावला म्हणायचं. थांब, त्यांचं तोंड गोड करतो." (आमच्याकडं बायका 'करतो', 'जातो', 'आलो' असंच बोलतात. बाहेरगावच्या माणसाला ते चुकीचं वाटतं, आम्हाला नाही.) तिनं वाटीत साखर आणली आणि मुत्यांपुढं धरली. मुत्यांनी साखरेकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं, आणि चिमूटभर उचलून तोंडात टाकली. आई उठून परसात गेली. मला वाटलं, तिला आनंद झाला.

'कै कोडु' याचा कानडीतला अर्थ मला पुढं पाच-सहा वर्षांनी कळला. शब्दाला शब्द लावला तर 'हात देणे'. पण कानडी माणूस तो वापरतो दगा देणे, ऐन वेळी सोडून जाणे या अर्थानं. मळी कै कोट्टितु. पावसानं दगा दिला. पेरलेलं करपलं होतं, आणि या पंचमीला लेकीला माहेरी नेता येणार नाही एवढं सांगायला मुत्या दोन बस बदलून आले होते. त्यांच्या हातावर आम्ही साखर ठेवली.

पुढं मी मराठीची शिक्षिका झाले. तीसेक वर्षं सीमाभागातल्या मुलामुलींना मराठी कविता शिकवली. अलंकार शिकवायची वेळ आली की फळ्याकडं वळण्याआधी मला ती वाटी दिसायची.

संस्कृत काव्यशास्त्रात शब्दाच्या तीन शक्ती सांगितल्या आहेत : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाचा सरळ अर्थ ती अभिधा. सरळ अर्थ अडला, की त्याच्याशी नातं असलेल्या दुसऱ्या अर्थाकडं जावं लागतं, ती लक्षणा. शास्त्रातलं उदाहरण 'गंगायां घोषः' असं आहे, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती. पाण्यावर वस्ती होत नाही, म्हणून आपण ती काठावर आहे असं समजतो. मग 'गंगेच्या काठावर' असं सरळ का म्हटलं नाही? कारण 'गंगेवर' म्हटल्यानं गंगेचा गारवा आणि पावित्र्य त्या वस्तीला आपोआप मिळतं. ही व्यंजना. मम्मट या काश्मिरी पंडितानं 'काव्यप्रकाशा'त लक्षणेसाठी तीन गोष्टी लागतात असं सांगितलं आहे. मुख्य अर्थाला बाध यायला हवा, दुसऱ्या अर्थाचं पहिल्याशी नातं हवं, आणि तिसरी गोष्ट म्हणजे एकतर रूढी हवी नाहीतर काही प्रयोजन हवं.

वर्गात मी गंगेऐवजी आमच्याच गावाचं उदाहरण घ्यायची. "काल पाटलांच्या लग्नात गाव जेवलं." गाव कसं जेवेल? गावाला तोंड नाही. अर्थ अडला. गावातली माणसं जेवली, हे झालं नातं. मग 'माणसं जेवली' का म्हणायचं नाही? यावर एका मुलानं दिलेलं उत्तर मी अजून सांभाळून ठेवलंय. "बाई, माणसं जेवली म्हटलं तर कोण कोण राहिलं ते विचारतील. गाव जेवलं म्हटलं की कुणी राहिलं न्हाई." आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडितांनी ज्याला प्रयोजन म्हटलं, ते त्यानं आमच्या लग्नाच्या पंगतीतनं उचलून दिलं.

आणि रूढी म्हणजे काय, ते मला मुत्यांनी शिकवलं होतं. पावसाला हात नसतो. इथवर मराठी आणि कानडी दोन्ही एकाच वाटेनं येतात, अर्थ दोघींचाही अडतो. तिथून पुढं मात्र एक भाषा बुडत्याकडं पुढं झालेला हात बघते आणि दुसरी दगा बघते. कारण शोधायला गेलं तर सापडतंच असं नाही, त्या त्या भाषेच्या माणसांनी पिढ्यान्पिढ्या तसं म्हटलं, म्हणून तो अर्थ. आणि आपल्या मराठीतला हात तरी सगळीकडं भला कुठं आहे? हात देणारा वेगळा, हात दाखवणारा वेगळा, आणि हातावर तुरी देऊन पळणारा तर आणखीच वेगळा.

कधीकधी दोन्ही भाषा इतक्या जवळ येतात की अंगावर काटा येतो. मराठीत दुसऱ्याचं बरं बघून पोटात दुखतं, कानडीत त्याच मत्सराला 'होट्टेकिच्चु' म्हणतात, म्हणजे पोटातली आग. आणि आशीर्वाद देताना मुत्यांच्या गावच्या म्हाताऱ्या बाया म्हणायच्या, "निन्न होट्टे तण्णगिरलि." तुझं पोट थंड राहो. मत्सर ही आग असेल तर सुख हा गारवा असणारच. हे दोन्ही वाक्प्रचार एकाच चुलीवरचे आहेत, हे कुणी शिकवलं नव्हतं. आई मला थापटत असताना एका रात्री ते आपोआप जुळलं.

आमच्या घरात कानडी बायको आणि मराठी नवरा होता. तुकोबांच्या अभंगात हीच जोडी आहे. 'कानडीने केला मऱ्हाटी भ्रतार। एकाचे उत्तर एका न ये॥' पुढं ती त्याला 'इल बा' म्हणून हाक मारते आणि तो पळून जातो. 'इल्लि बा', म्हणजे इकडं ये. बेळगावातल्या कुठल्याही पोराला हे दोन शब्द कळतात. मी कॉलेजात असताना गावच्या सप्त्यात एका कीर्तनकारांनी हा अभंग निरूपणाला घेतला आणि कानडी बायकांच्या बोलण्याच्या बऱ्याच नकला केल्या. माणसं हसत होती. आई माझ्या शेजारीच बसली होती. मला मान वर करवेना.

घरी येताना आईच बोलली. "तुकोबांनी 'इल्लि बा' बरोबर ऐकलंय बघ. देहूत बसून ऐकलंय." थोडं चालून म्हणाली, "खरं त्यो पळाला कशाला? जवळ जायचं की." (आमच्या मराठीत 'खरं' म्हणजे 'पण'.)

आशयसूत्र, म्हणजे कवितेला खरं काय म्हणायचंय त्याचा धागा. या शब्दाचा पहिला खरा पाठ मला तिथं मिळाला. त्या अभंगात कानडी बाई हा विषयच नाही. तुकोबा विठ्ठलाजवळ सज्जनांची संगत मागत आहेत. ज्यांचं मन एकमेकांना कळत नाही अशांच्या सहवासात सुखापेक्षा शीणच वाढतो, माझं तसं करू नको, असं मागणं आहे. नवरा-बायको हा दृष्टान्त आहे. कीर्तनकारांनी दृष्टान्तालाच विषय केलं. आईनं अभंग ऐकला, दृष्टान्त वेगळा काढून हातात घेतला, आणि त्यातल्या माणसाला जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, तेही कानडीतून. कविता वाचण्याचा माझ्या माहितीतला सगळ्यात नेमका धडा तिनं त्या अंधाऱ्या रस्त्यावर दिला.

रूपकाबद्दल मुलांचा एक पक्का समज असतो, आणि तो आपणच, शिक्षकांनीच, करून दिलेला असतो. उपमेय ओळखा, उपमान ओळखा, अलंकाराचं नाव लिहा, एक गुण. नाव लिहिलं की काम संपलं. मग कवितेची मध्यवर्ती कल्पना लिहा म्हटलं की मुलं अलंकार बाजूला काढून ठेवतात आणि उरलेल्यातून काहीतरी उपदेश शोधतात. निसर्गाचे रक्षण करावे. आईवडिलांची सेवा करावी. शेंगा सोलून दाणे फेकावेत आणि टरफलं शिजत घालावीत, तसं ते होतं.

म्हणून मी दोन ओळी शेजारी शेजारी लिहायची. एक आईच्या माहेरची. बसवण्णांचं बाराव्या शतकातलं वचन आहे : ज्यांच्याकडं आहे ते शिवालय बांधतात, मी गरीब काय करू? माझे पायच खांब, देहच देऊळ, शिर हाच सोन्याचा कळस. दुसरी ओळ आमच्या भजनातली, एकनाथांची : 'काया ही पंढरी, आत्मा हा विठ्ठल.' दोन्हीकडं रूपक तेच. देह म्हणजे देवाचं ठिकाण. परीक्षेत दोन्हींना एकच उत्तर, रूपक अलंकार, एकेक गुण.

मग मी विचारायची, दोघं एकच सांगतात का? वर्ग गप्प व्हायचा. हळूहळू बोलणं सुरू व्हायचं. बसवण्णांच्या ओळीत सुरुवातीलाच 'ज्यांच्याकडं आहे ते' आलेले असतात. तिथं पैसा आहे, देऊळ बांधणारे आहेत, आणि ज्याला बांधता येत नाही असा एक माणूस आहे. त्याचं रूपक भांडतं. वचनाच्या शेवटी तर स्थावराला, म्हणजे एका जागी उभ्या असलेल्याला, नाश आहे, जंगमाला, म्हणजे चालत्याफिरत्याला, नाही, असं सांगून बसवण्णा दगडी देवळाचा निकालच लावतात. एकनाथांचं रूपक भांडत नाही. ते पंढरीची सगळी वारी, नदी, वाळवंट, एकेक करून आत आणून ठेवतं. एकानं देऊळ नाकारलं, दुसऱ्यानं देऊळ उराशी घेतलं. रूपक एक, आशय दोन. हे ज्या दिवशी कळायचं त्या दिवशी मुलं घंटा झाली तरी उठायची नाहीत. वर्गातली निम्मी मुलं लिंगायत शेजाऱ्यांकडं ते वचन ऐकत वाढलेली असायची आणि घरी हरिपाठ म्हणायची. दोन्ही त्यांचंच होतं.

काव्यशास्त्राचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध माझ्या कल्पनेपेक्षा जुना निघाला. 'कविराजमार्ग' हा कानडीतला आज उपलब्ध असलेला सगळ्यात जुना ग्रंथ, नवव्या शतकातला, राष्ट्रकूट राजा नृपतुंग अमोघवर्षाच्या दरबारातला. आणि हा ग्रंथ आहे कशावर? काव्यावर. गुण, दोष, अलंकार. दंडीच्या 'काव्यादर्शा'चा, म्हणजे संस्कृतातल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथाचा, त्याला आधार आहे. त्यात अस्सल कानडीचा गाभा चार गावांच्या मधे असल्याचं सांगितलंय, आणि त्यातलं एक गाव ओक्कुंद. अभ्यासक ते बैलहोंगल तालुक्यातलं वक्कुंद मानतात. मुत्यांच्या गावापासून ते लांब नाही. त्याच ग्रंथात कन्नड नाडू कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचंही म्हटलंय. इथं दोन्हीकडची माणसं त्या ओळीवरून वाद घालतात, ते मी ऐकत आले आहे. मला मात्र त्यातलं एवढंच मोलाचं वाटतं, की अकराशे वर्षांपूर्वी कुणाला तरी आपल्या भाषेची हद्द सांगायची होती, आणि ती त्यानं अलंकारांच्या ग्रंथात सांगितली.

आमच्या बाजूचाही अभिमान कमी नाही. बेळगावात १९२९ साली मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष होते शिवराम महादेव परांजपे. त्यांनी १८९८ साली 'काळ' हे साप्ताहिक सुरू केलं आणि वक्रोक्तीनं सरकारला घायाळ केलं. वरवर वाचणाऱ्याला स्तुती वाटावी आणि आतल्या माणसाला चटका बसावा असं ते लिहायचे. १९०८ साली त्यांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली. बोलायला बंदी असली की माणसं अलंकारांत बोलतात, हे मुलांना सांगायला मला परांजप्यांहून चांगलं उदाहरण सापडलं नाही. पुढं १९४६ साली याच गावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन झालं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं मांडला गेला. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर आम्ही कुठल्या बाजूला राहिलो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हापासून इथल्या लेखणीला एक रूपक चिकटलं आहे. सीमाभागाची भळभळती जखम. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी अशा गावांत हिवाळ्यात साहित्य संमेलनं भरतात. ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माणसं येतात, ग्रंथदिंडीत बायका डोक्यावर कळशी घेऊन चालतात. इतकी साहित्यावर जीव टाकणारी गावं मी दुसरीकडं पाहिली नाहीत. पण तिथल्या कविसंमेलनात माझी मुलं कविता म्हणायला उभी राहिली की तीच जखम पुन्हा भळभळायची. मी त्यांना रागावायची नाही, वेदना खरीच आहे. फक्त म्हणायची, ज्या रूपकाला आता कुणी थांबून बघत नाही त्यात तुझं दुखणं कुणाला दिसेल? तुझ्या घरात ते कुठं दिसतं, ते लिही.

एका मुलीनं लिहून आणलं. शीर्षक होतं 'उतारा'. तिच्या बापाच्या शेताचा उतारा कानडीत येतो. बापाला कानडी वाचता येत नाही. शाळेत ही कानडीही शिकते, म्हणून तो कागद घेऊन बाप तिच्यापुढं बसतो आणि ती सर्व्हे नंबर, क्षेत्र, नावं वाचून दाखवते. एका जागी आजोबांचं नाव चुकीचं लिहिलेलं आहे, ते ती दर वेळी बरोबर करून वाचते. बापाला ते माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मराठीच्या पेपरात पहिलाच प्रश्न येतो, 'खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा.' आणि कवितेच्या शेवटी आज्जी संध्याकाळी तिच्यावरनं भाकर-तुकडा ओवाळून तिकाटण्यावर उतारा टाकायला जाते.

पुस्तकातला श्लेष शिकवताना मी आयुष्यभर कृत्रिम वाक्यं दिली होती. या पोरीच्या घरात एकच शब्द जमिनीचा कागद होता, परीक्षेतला परिच्छेद होता, आणि पोरीची नजर काढण्याचा विधीही होता. विषावर जो उतारा देतात तो तर तिनं लिहिलाही नव्हता, पण मला तो ऐकू आला. जखम हा शब्द कवितेत कुठंच नव्हता.

इंदिरा संत बेळगावच्या. त्यांचं बरंचसं आयुष्य आणि नोकरी या गावात झाली. शनिवारी शेवटच्या तासाला, अभ्यासक्रमाचा काही संबंध नसताना, मी त्यांची 'कुब्जा' वाचायची. पहाट व्हायची आहे. राधा झोपलेली, गोकुळ झोपलेलं. अशा अवेळी पैलतीरावर पावा वाजतो आणि नदीत अर्ध्या पाण्यात उभी असलेली कुब्जा तो ऐकते. तिला वाटतं, हे माझ्यासाठी आहे.

इंदिराबाईंचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. हे एकदा सांगितलं की वाचणारे सगळ्या कवितांना तीच किल्ली लावतात. पैलतीर म्हणजे मृत्यू, पावा म्हणजे गेलेल्या माणसाची हाक, झालं रसग्रहण. मीही सुरुवातीची काही वर्षं असंच शिकवलं आणि त्याचं मला आज वाईट वाटतं. किल्ली लागते, दार उघडतं, पण आत गेल्यावर खोली रिकामी केल्यासारखी वाटते. कुब्जा नाहीशी होते. तिची वाकलेली पाठ, तिला कुणी हाक मारत नसणं, आणि सगळं जग झोपलेलं असताना फक्त तिचं जागं असणं, यातलं काहीच उरत नाही.

एकदा मी विचारलं, "पावा खरंच तिच्यासाठी होता का?" बऱ्याच मुलांनी नाही म्हटलं. कृष्ण राधेसाठी वाजवतो, कुब्जेचा गैरसमज झाला. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी न बोलणारी, उठली. मार्कंडेय नदीच्या काठावर तिचं घर. ती म्हणाली, "बाई, आम्ही नदीत उभारून कपडे धुतो तवा पलीकडच्या गावातलं बोलणं लई जवळ ऐकू येतंय. काठावर येऊन उभारलं की तेवढं येत न्हाई. राधा घरात निजल्या. तिला कसं ऐकू येणार? जी पाण्यात उभारल्या तिलाच ऐकू येणार की."

"म्हणजे तिच्यासाठीच होता?"

"कुणासाठी वाजवला ते वाजवणाऱ्याला ठाऊक. पोचला तिला."

मी तास तिथंच थांबवला. पाण्यावरून आवाज लांब जातो हे तिला धुण्याच्या दगडावर कळलं होतं. त्या साध्या, सरळ अर्थावर पाय रोवून ती कवितेत शिरली, आणि ज्या प्रश्नाला मी गैरसमज की भक्ती अशा दोन खुंट्यांना टांगून ठेवला होता तो तिनं खाली उतरवला. लाक्षणिक अर्थाकडं जायची घाई झाली की आपण अर्धं पाणी हे सरळ 'संसार' किंवा 'द्विधा मन' करून टाकतो. ती आधी पाण्यात उभी राहिली.

ज्ञानदेवांच्या 'कानडा हो विठ्ठलु' या अभंगाचं आमच्या भागात असंच होतं. कानडा म्हणजे कर्नाटकातला, आणि कानडा म्हणजे न कळणारा, अगम्य. बाकी महाराष्ट्रात हे दोन अर्थ समजावून द्यावे लागतात. इथं पहिला अर्थ शेजारच्या घरात राहतो आणि दुसऱ्याची वेळ अधूनमधून येते. त्या अभंगात बोलणारी बाई आहे. ती पाया पडायला जाते तर पाऊल दिसत नाही, मिठी मारायला जाते तर ती एकटीच उरते. 'शब्देविण संवादु' ही ओळ आज लग्नपत्रिकेवरही छापतात. मला ती वाचताना दर वेळी सोप्यावर बसलेले मुत्या आणि उंबऱ्यात उभी असलेली आज्जी दिसते. त्या दोघांची भाषा एक नव्हती. आज्जीला कानडीतलं 'ऊट माडरि', जेवा, एवढंच यायचं, आणि मुत्यांना मराठीतली पाच-सहा वाक्यं.

त्या दिवसाचा राहिलेला भाग आईनं मला तिच्या शेवटच्या आजारपणात सांगितला. मी विचारलं होतं, "तू तेव्हाच का सांगितलं नाहीस, आज्जीचं चुकतंय म्हणून?" ती म्हणाली, "त्यांनी साखर तोंडात घातली होती."

परसातून ती आत आली ती थेट आज्जीकडं. कानात सांगितलं. आज्जीनं कपाळाला हात लावला, आणि काही न बोलता कणगीकडं गेली. त्या सालचा भात अजून शेतात होता, घरात होता तो मागच्या सालचा, आणि आम्हालाही तो दिवाळीपर्यंत पुरवायचा होता. आज्जीनं पोतं भरलं. अप्पांनी, माझ्या वडिलांनी, ते सायकलच्या कॅरिअरवर आडवं बांधलं आणि रस्त्यावर नेलं. आई आणि आज्जी मुत्यांबरोबर चालत गेल्या. रिपरिप पाऊस होता. मुत्यांनी डोक्यावर कांबळ्याची खोळ घेतली होती आणि हात पुढं करून तळव्यावर पाऊस घेत ते चालत होते.

बस आली. कंडक्टरनं पोतं टपावर चढवायला लावलं. मुत्या पायरीवर चढले, परत खाली उतरले, आज्जीसमोर उभे राहिले. आई म्हणाली, ते शब्द जुळवत होते. मग एक भाषा झाल्यावर दुसरी, असं सावकाश म्हणाले, "मळी कै कोट्टितु. तुम्ही हात दिला."

आज्जीला पहिलं वाक्य कळलं नाही असं आईला वाटलं. पण आज्जीनं कनवटीची पुडी काढली, घरून निघताना बांधून घेतलेली, आणि त्यांच्या ओल्या कांबळ्याच्या टोकात उरलेली साखर गाठ मारून बांधली.